आक्काचं पाणी आणि काचेचा धागा

इस्लामपूरजवळून,
महावीर जयंतीनंतरचा रविवार

प्रिय सुभेदार नाथाजीराव यांस,

आमच्या बाजूने जय जिनेंद्र आणि तुमच्या बाजूने जय हिंद, दोन्ही एकदमच स्वीकारावेत. समोर असलो की मी तुम्हाला अरे-तुरे करतो आणि तुम्ही मला त्याहून वाईट काहीतरी म्हणता, सांगलीच्या बोर्डिंगात एका खोलीत राहिल्याची ती शिल्लक आहे. पण कागदावर माणसाला मान द्यायचा अशी आमच्या वडिलांची शिकवण, म्हणून या पत्रापुरते तुम्ही 'तुम्ही' आहात. तुमचा डावा गुडघा कसा आहे? टेकडी उतरून आल्यावर तुम्ही त्याच्यावर हात ठेवून बसला होतात ते मी पाहिलं, फक्त त्या वेळी विचारायची माझी हिंमत झाली नाही. वहिनींना नमस्कार. त्यांच्या उसाला शेवटी पाणी मिळालं का तेही कळवा. (वहिनींच्या म्हणतो, कारण शेत तुमच्या नावावर असलं तरी त्यात राबतं कोण हे तुमच्या कोरेगाव तालुक्यात कुणालाही विचारावं.) इकडे सगळे खुशाल. आक्का खुशाल, तुमची कस्तुरीवहिनी खुशाल, रेडिओ खुशाल. मी एकटाच थोडा दबून आहे, त्याचं कारण ओघाने येईल.

फोन का केला नाही, असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुम्ही माझ्या दुसऱ्याच वाक्याला "मुद्दा बोल" म्हणता. आणि आभार मानायचे तर माणसाला जरा ऐसपैस बसावं लागतं. शिवाय त्या दिवशी तुम्ही निघालात तेव्हा मी फाटकापर्यंत आलो, तोंड उघडलं, आणि तुम्ही हेल्मेट घातलंत. ते मुद्दाम घातलंत असा कस्तुरीचा कयास आहे. तेव्हा आता खाट ओढून घ्या, चहा मागवा आणि वाचा.

मागच्या वळवाच्या पावसात टेकडीवरची वीज त्या जाड काळ्या केबलीवरून थेट आमच्या स्टुडिओत उतरली आणि मिक्सर जाळून गेली, तिथपासून सुरुवात करायला हवी. आमच्या गावचा हा छोटा रेडिओ ट्रस्टचा, आणि ट्रस्टचा मी अध्यक्ष. (अध्यक्ष अशासाठी, की स्टुडिओ ज्यात आहे ते हळदीचं गोदाम माझं आहे. लायकीबद्दल कुणी चौकशी केली नव्हती.) तुम्ही फौजेत सिग्नलला आयुष्य घालवलेले, म्हणून तुम्हाला बोलावलं. तुम्ही ती केबल उपटून फेकलीत आणि गोदामापासून टेकडीपर्यंत फायबर ओढलंत. ते आता मी सगळ्या पाहुण्यांना समजावून सांगतो: गोदामातल्या डब्यात रेडिओच्या लहरींचा उजेड होतो, तो उजेड काचेच्या धाग्यातून टेकडीवर जातो, तिथल्या डब्यात त्याच्या पुन्हा लहरी होतात आणि त्या अँटेनावर चढतात. काचेवरून वीज खाली उतरत नाही, म्हणून स्टुडिओ वाचतो. पाहुणे माना डोलावतात आणि हळदीचा भाव विचारतात.

त्या दिवशी तुम्ही ट्रस्टच्या सभासदांना उभं करून दिलेला दम मला तोंडपाठ आहे. धाग्याच्या टोकात डोळा घालायचा नाही, आतला उजेड दिसत नाही पण डोळा जाळतो. (मी विचारलं होतं, दिसत नाही तर आहे कशावरून? तुम्ही म्हणालात, आत्म्याबद्दल असं विचारतोस का? मी खाली बसलो.) जास्तीच्या धाग्याचं वेटोळं जेवणाच्या ताटाएवढं ठेवायचं, बांगडीएवढं केलंत तर उजेड वळणावरच सांडतो. मशीन बंद केल्याशिवाय जोड काढायचा नाही, काढला की लगेच टोपण, आणि टोकाला बोट लावायचं नाही. टेकडीवरचा अँप्लिफायर बंद केल्याशिवाय अँटेनाजवळ जायचं नाही, आणि आभाळ गडगडत असेल तर टेकडीकडे बघायचंसुद्धा नाही. धागा कापताना उडालेले काचेचे कण तुम्ही चिकटपट्टीवर एकेक करून वेचलेत, कुणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून. ते बघून कस्तुरी म्हणाली, हे भावजी मागच्या जन्मी जैन असणार. तुम्ही जेवायला बसून अंडी आहेत का विचारलंत तेव्हा तिने तो विचार सोडला.

आता आक्काचं. माझ्या आईला तुम्ही लहानपणापासून ओळखता, त्यामुळे ती हट्टी आहे हे मी सांगायला नको. देवदर्शन झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, हा तिचा नियम लग्नाच्या आधीपासूनचा. हल्ली मंदिराच्या पायऱ्या तिला चढवेनात. खुर्चीवर बसवून नेतो म्हटलं, तर म्हणाली की चौघांच्या खांद्यावरून एकदाच जायचं असतं, त्याची घाई करू नका. तेव्हा चातुर्मासात गावात असलेल्या मुनी महाराजांनी तोड काढली. मंदिरातली सकाळची शांतिधारा, म्हणजे अभिषेकाच्या वेळी म्हणतात तो शांतिमंत्र, आपल्या रेडिओवर लागते, ती मनापासून ऐकावी आणि मग पाणी घ्यावं. आक्काने तिथल्या तिथे हात जोडून नियम घेतला. सगळ्यांना गहिवरून आलं. मलाही आलं. माझ्या आईचं पाणी आता एका मशीनच्या हवाली झालं आहे हे माझ्या डोक्यात घरी येऊन जोडे काढल्यावर शिरलं. महाराज तोवर प्रवचनाला बसले होते. पुढे चातुर्मास संपला आणि ते विहार करत कर्नाटकात निघून गेले, पायी, आणि महाराजांकडे फोन नसतो.

तरी हिवाळाभर सगळं सुरळीत चाललं. सकाळी सातला आमची सन्मती (शाळेत शिकवते, आणि त्याआधी रेडिओ चालवते) शांतिधारा लावायची, आक्का डोळे मिटून ऐकायची, आणि संपलं की कस्तुरी तिच्या हातात तांब्या द्यायची. तुमचं नाव या घरात रोज निघत होतं. मग महावीर जयंती आली.

जयंतीच्या आधी आमच्याकडे घरदार धुऊन काढतात, ते तुम्ही पाहिलं आहे. भांडी झाली, कपाटं झाली, मंदिर झालं. मी गोदामात गेलो. हळदीचा हंगाम, पोत्यांवर पोती, आणि हवेत पिवळी धूळ. माझी नजर तुमच्या डब्यावर गेली. मनात आलं, ज्याच्यातून रोज शांतिधारा जाते त्याचीच शुद्धी करायची राहिली. नाथाजी, तुम्ही मला काहीही म्हणा, आणि म्हणालाच आहात, पण माझा भाव चांगला होता. मी जोड काढला. पुसायला साधं फडकं घ्यायचं नाही म्हणून घरातलं सगळ्यांत शुद्ध वस्त्र आणलं, म्हणजे पाणी गाळायचं फडकं. ते थोडं ओलं होतं. माझी बोटं थोडी पिवळी होती. टोक घासून पुसलं, परत बसवलं, आणि ते लोंबणारं मोठं वेटोळं अध्यक्षाच्या नजरेला खुपत होतं म्हणून पोत्याच्या सुतळीने छान आवळून बांगडीएवढं केलं. मग एकाच टोकाची शुद्धी करणं मनाला पटेना, म्हणून टेकडीवर जाऊन दुसरं टोकही पुसून आलो. (अँप्लिफायर बंद केला होता. तेवढं एक तुमचं मी ऐकलं, आणि त्याबद्दल अजून कुणी मला शाबासकी दिलेली नाही.)

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आक्का डोळे मिटून बसली आणि रेडिओतून नुसता वारा आला.

पहिल्या घटकेला मी शांत होतो. सन्मतीने स्टुडिओत सगळं तपासलं, इकडचे दिवे हिरवे, टेकडीवर जाऊन आली तर तिथला लाल. तिने मला विचारलं की काका, कुणी हात लावला होता का? मी म्हणालो, हात असा नाही. मग मी जोड पुन्हा काढला आणि उजेड येतोय का बघावं म्हणून चष्मा कपाळावर चढवून टोक डोळ्याकडे नेलं, एवढ्यात कस्तुरीने मागून माझी कॉलर धरली. तिला तुमचा दम आठवत होता. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिने मला कॉलर धरून ओढण्याची ही पहिलीच वेळ, आणि तिने ती इतकी सहज धरली की मनातून सवय असावी असा मला संशय आहे. माझा डावा डोळा शाबूत आहे, त्याबद्दल निम्मे आभार तिचे आणि निम्मे तुमचे.

दहा वाजले तशी माझी शांती संपली. चैत्रातलं ऊन तुम्हाला माहीत आहे, पत्रा तापून घरात भट्टी झालेली, आणि नव्वदीला टेकलेली बाई ओठाला ओठ लावून जपमाळ ओढत बसलेली. सन्मती तिच्यासमोर बसून प्रत्यक्ष शांतिधारा म्हणायला तयार झाली. आक्का म्हणाली, पोरी, तू गोड म्हणतीस, पण मी रेडिओवर ऐकायचं बोललेय. मोबाइलवर लावून बघितलं, तर म्हणाली ह्यो रेडिओ न्हवं. शेवटी मी काय केलं ते तुम्हाला सांगणारच होतो, कारण कस्तुरी सांगेलच. मी कपाटाच्या मागे जाऊन तेलाच्या रिकाम्या डब्यात तोंड घातलं, आधी थोडी खरखर केली, आणि भारदस्त आवाजात शांतिधारा सुरू केली. दोन ओळी झाल्या. आक्का डोळे न उघडता म्हणाली, "शांत्या, तितं पाली हाईत. भाईर ये."

मग दुपारी मी तुम्हाला फोन केला. त्या दिवशी तुमच्या उसाला पाण्याची पाळी होती, लाइट चारच तास असते, आणि ती चुकली की पुढची पाळी कधी येईल ते वीज मंडळालाही माहीत नसतं, हे सगळं मला आता कळलं. तेव्हा तुम्ही यातलं काहीच बोलला नाहीत. आक्का सकाळपासून पाण्याशिवाय आहे एवढं ऐकलंत, म्हणालात की कशाला हात लावू नको, आणि फोन ठेवलात. पुढे कराड, पेठ नाका करत तुम्ही त्या उन्हात मोटारसायकलवर किती वेगाने आलात ते मी विचारणार नाही. आमच्या दारात गाडी उभी राहिली तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर फक्त धूळ आणि मिशा होत्या. अजून उजेड बराच आहे असं मी म्हणालो. तुम्ही म्हणालात, मावळतीनंतर ती घेत न्हाई न्हवं? मी मान हलवली. कारण दिवस मावळला की आमच्यात पाणी बंद. म्हणजे थेट उद्या सकाळी, आणि तेही मशीन बोललं तर. ते दोन दिवस आक्काने काढले नसते. हे आम्ही सगळे जाणून होतो.

तुम्ही आधी मशीन बंद केलंत. मग जोड काढून मोबाइलला ते लहानसं भिंग लावून टोक पडद्यावर मोठं करून दाखवलंत. मी त्यात जे पाहिलं ते विसरणार नाही. चांगली पिकलेली राजापुरी हळद, आणि तिच्यात आडवा पडलेला फडक्याचा एक दोरा. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी हळदीच्या जातीबद्दल काहीतरी बोललो. मग तुमचं लक्ष सुतळीकडे गेलं, आणि तुम्ही मला गोदामाच्या बाहेर एका पोत्यावर बसवलंत, माझ्याच गोदामाच्या बाहेर, माझ्याच पोत्यावर. सुतळी सोडून वेटोळं ताटाएवढं केलंत, टोक त्या पेनासारख्या हत्याराने साफ केलंत, भिंगातून तीनतीनदा बघितलंत. आता झालं असं मला वाटलं. तेव्हा मला बाहेरून ओरडून सांगावं लागलं, की वरचं टोकही शुद्ध केलेलं आहे.

तुम्ही ते हत्यार खिशात खोचलंत. सन्मतीला घेऊन तुम्ही टेकडीकडे निघालात आणि मला हुकूम दिलात, घरी जा, आईपाशी बस. मी बसलो. तिच्या ओठांच्या कडा पांढऱ्या झाल्या होत्या आणि जपमाळ हातात थांबत होती. कस्तुरी भरलेला तांब्या पदराखाली धरून दारात उभी. नाथाजी, माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे, मला गप्प बसता येत नाही. तरी मी त्या खोलीत एक शब्दही बोललो नाही. आपण चांगलं म्हणून केलं आणि आईचा घसा कोरडा पडला, एवढंच डोक्यात फिरत होतं. साखर कारखान्याच्या धुराड्याला सूर्य टेकला होता.

नंतर सन्मतीने सांगितलं की वरचं टोक साफ होईना, ओली हळद वाळून घट्ट चिकटली होती, तेव्हा तुम्ही सोबत आणलेला छोटा नवा धागा तिथे जोडलात, तिला दिव्यावर लक्ष ठेवायला वर थांबवलंत, आणि तो गुडघा घेऊन पळत खाली आलात. गोदामात तुम्ही एकटे. शांतिधारा कुठल्या फाइलीत आहे ते तुम्हाला माहीत नाही, विचारायला वेळ नाही. तुम्ही सरळ माईक चालू केलात. आक्काच्या उशाशी खरखर झाली आणि पंचक्रोशीतल्या प्रत्येक रेडिओतून तुमचा फौजी आवाज आला. "आक्का, मी नाथा बोलतोय. मशीन चालू झालं. आता पानी प्या."

पुढे आणखी एक-दोन वाक्यं तुम्ही बोललात, ती इथे लिहीत नाही.

आक्काने डोळे उघडले. मला धसका होता की ती म्हणेल, ही शांतिधारा नव्हे. कस्तुरी जागची हलली नाही. आक्काने थोडा विचार केला आणि म्हणाली, "ऐकल्यावर पानी घ्यायचं, आसं महाराज म्हणालंत. ह्यो तर सोताच घ्या म्हणतोय." आणि तिने हात पुढे केला. ती पाणी पीत असताना घशातून उतरणाऱ्या प्रत्येक घोटाचा आवाज मला ऐकू आला. मी रडलो, आणि कपाटाच्या मागे न जाता रडलो. तुम्ही आलात तेव्हा मी तोंड धुऊन बसलो होतो, म्हणून तुम्हाला कळलं नाही. आता कळवतो. तुम्ही आपल्या उसाचं पाणी सोडून माझ्या आईला पाणी पाजलंत. याची परतफेड मला करता येणार नाही आणि करायचीही नाही. मला तुमच्या उपकारात राहायला आवडेल.

तुमचा आजन्म ऋणी,
शांतिनाथ

ता. क. तुमचा एक स्क्रूड्रायव्हर गोदामात राहिला आहे. मी त्याला हात लावलेला नाही. कस्तुरीने तो फडक्यात (कोरड्या) गुंडाळून ठेवला आहे. वहिनींसाठी हळद आणि गूळ एस.टी.ने पाठवत आहे, हळद डब्यात घट्ट बंद आहे.

आणखी ता. क. खरं म्हणजे पत्र लिहायला एक छोटंसं कारण घडलं. त्या दिवसापासून आक्का शांतिधारा ऐकते, पण संपल्यावर पाणी घेत नाही. म्हणते, नाथाने सांगू दे. रेडिओवर जे जातं ते सगळं मशीनमध्ये आपोआप साठतं, त्यामुळे सन्मती रोज सकाळी तुमचं ते बोलणं लावते आणि आक्का पाणी पिते. अडचण एवढीच, की तुम्ही पुढे जे बोललात तेही त्यातच आहे. "आनि ह्या शांत्याला मशीनपाशी फिरकू देऊ नगा. लेकरू चांगलं हाय, पर त्येच्या हाताला आवर न्हाई." हे रोज सकाळी सव्वासातला सगळा वाळवा तालुका ऐकतो, नाथाजी. परवा बाजारात एका अनोळखी माणसाने मला वजनकाट्याला हात लावू दिला नाही. सन्मतीने शेवटचं कापून बघितलं, तर आक्काने तांब्या खाली ठेवला आणि म्हणाली, आज नाथा कमी बोलला. तेव्हा कृपा करून मोबाइलवर नव्याने बोलून पाठवा, तेवढंच लांब, पण माझ्या नावाशिवाय. उसाबद्दल बोला, गुडघ्याबद्दल बोला. लवकर पाठवा.

शेवटची ता. क. पाकीट बंद करण्याआधी पत्र आक्काला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बदलून मागवू नको. म्हणे, त्या शेवटच्या वाक्याला मला रोज हसू येतं, आणि हसलं की तहान लागते, नाहीतर या वयात पाण्याची आठवण कुणाला होते. तेव्हा वरचं रद्द समजावं, नवीन काही पाठवू नये. सव्वासातला मी तिच्याजवळच बसलेला असतो. तांब्या आता माझ्या हातात असतो.